पाचवं चाक आणि ऐंशीचा आकडा

स्पष्टच लिहितो. गेल्या काही वर्षांत घेतलेली मोटार असेल, तर तिच्या डिकीत चटईखाली जे पाचवं चाक पडलेलं आहे, ते बऱ्याचदा बाकीच्या चौघांचं सख्खं भावंड नसतं. लांबचा नातेवाईक असतो. अडचणीला धावून येईल, पण त्याला मुक्कामाला ठेवून घ्यायचं नसतं. त्याच्या रिमवर एक भडक स्टिकर असतो आणि त्यावर ८० हा आकडा. विकणारा त्याबद्दल बोलत नाही, घेणारा विचारत नाही, पंक्चरवाल्याला त्याच्याशी घेणंदेणं नसतं. मग एक्सप्रेसवेवर तीन चकचकीत अलॉय आणि एक बारकं काळं लोखंडी चाक अशी गाडी आपल्या शेजारून ११० ने निघून जाते. आत पाच माणसं, मागच्या काचेपर्यंत बॅगा.

माझं भांडण त्या चाकाशी नाही. ते त्याचं काम नेमकं करतं. भांडण आहे ते त्याच्याभोवती सगळ्यांनी मिळून पाळलेल्या मौनाशी, आणि त्या मौनातून जन्मलेल्या 'चालतंय की' या राष्ट्रीय तत्त्वज्ञानाशी.

'स्टेपनी' हा शब्दच मुळात तात्पुरत्या वस्तूचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींची चाकं आजच्यासारखी नट सोडवून काढता येत नसत. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, परत चढवायचं. १९०४ साली वेल्समधल्या लॅनेली गावच्या थॉमस मॉरिस डेव्हिसने यावर तोड काढली. आरे नसलेली एक धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर. ही धाव पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडींनी जखडायची आणि गाव गाठायचं. धंदा स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून नाव स्टेपनी. पुढे चाकं सुटी निघू लागली, डिकीत पूर्ण मापाचं पाचवं चाक आलं, आणि इंग्रजांच्या बोलण्यातून मागे पडलेला हा शब्द आपल्याकडे मात्र घट्ट रुतला. इतका, की बदली माणसालाही आपण स्टेपनी म्हणतो. दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात स्टेपनी म्हणजे 'अगदी तसंच आणखी एक' हा अर्थ पक्का बसला. आता वस्तू पुन्हा तात्पुरती झाली आहे आणि शब्द जुन्याच अर्थाने वापरला जातोय. घोळाचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे हे चाक दोन रूपांत भेटतं. पहिलं तसं सभ्य: गाडीला १५ इंची अलॉय, आणि डिकीत १४ इंची लोखंडी. गणित करून बघा. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर येतो, आणि १६५/८० आर १४ चा ६२०. म्हणजे उंची जवळपास तीच, रुंदी २० मिलिमीटरने कमी. हे चाक फार बिघडवत नाही, पण त्याची पकड, कडेची लवचीकता आणि वळणावरची वागणूक इतर तिघांपेक्षा वेगळी असते. गंमत म्हणजे काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलला पाचही चाकं सारखी मिळतात आणि लाखभर रुपये जास्त मोजून वरचं मॉडेल घेणाऱ्याला चार मोठी, एक लहान.

दुसरं रूप म्हणजे खरीखुरी बारकी स्टेपनी, जिच्या मापाआधी 'टी' हे अक्षर असतं. टी म्हणजे टेम्पररी. समजा गाडीला २०५/५५ आर १६ टायर आहेत, व्यास ६३२ मिलिमीटर, आणि डिकीत टी १२५/७० आर १७ आहे, व्यास ६०७. रुंदी २०५ वरून १२५ वर. सायकलपेक्षा जाड, मोटारीपेक्षा बारीक. चारचौघांत उभी केली तर दुसऱ्याची चप्पल घालून आल्यासारखी दिसते.

या चाकात हवा भरायची असते ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय. नेहमीच्या टायरमध्ये ३२-३५ असते. आकडा दुप्पट का? कारण टायरमधलं रबर वजन पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. जागा कमी, हवा कमी, म्हणून दाब जास्त. आणि दाब वाढला की रस्त्याला टेकणारा भाग आकसतो. १,४०० किलोच्या गाडीत एका चाकावर ढोबळमानाने ३५० किलो येतात. ३३ पीएसआयला ते पेलायला साधारण दीडशे चौरस सेंटीमीटर रबर रस्त्याला टेकतं, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडं मोठं. ६० पीएसआयला ऐंशीच्या आसपास. टायरच्या भिंतींचा ताठरपणा यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण निम्म्याच्या जवळ, हे खरं. शिवाय त्या रबरावरची नक्षी उथळ. पावसाळ्यात घाटात करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवायला एका कोपऱ्यात एवढंच भांडवल.

वेगाचं गणित तर त्याहून निष्ठुर. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ऐंशीऐवजी ११० ने गेलात की ती जवळजवळ १.९ पट होते. ऐंशीच्या आकड्यामागे हेच आहे: ब्रेक, उष्णता, पकड. कुणा कारकुनाला सुचलेला तो गोल आकडा नाही. तात्पुरत्या चाकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ६४ क्रमांकाचा वाहननियम आहे आणि ठळक रंग, वेगाचा इशारा या गोष्टी तिथूनच येतात. चाक मुद्दाम कुरूप केलेलं असतं. ते बघून लाज वाटावी आणि तुम्ही लवकर बदलावं, ही कल्पना. ती कल्पना सुचवणाऱ्यांना आपण माहीत नव्हतो.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. त्यांच्या गाडीचं मागचं डावं चाक दीड महिना बारकं होतं. मी दोनदा हटकलं.

"काका, ते चाक अजून तसंच?"

"अरे, मस्त चालतंय. पंढरपूर करून आलो, अक्कलकोट करून आलो. कुठे काय?"

"पण त्यावर ऐंशी लिहिलंय."

"कंपनीवाले लिहितातच रे. त्यांना त्यांची कातडी वाचवायची असते. दिवाळीत चारही बदलायचेच आहेत, तेव्हा बघू."

काका मूर्ख नाहीत. बँकेत आयुष्य गेलं, सहीशिवाय कागद पुढे सरकवला नसेल. पण 'कुठे काय झालं' हा त्यांचा पुरावा आहे, आणि तो पुरावा अपघाताच्या आदल्या क्षणापर्यंत नेहमीच भक्कम असतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे 'सध्यापुरतं' म्हणून टाकलेली चार ओळींची मलमपट्टी सहा वर्षांनी सगळ्या इमारतीचा खांब होऊन बसलेली मी पाहिली आहे. तिला कुणी हात लावत नाही, कारण 'चालतंय'. त्यामुळे काकांचा युक्तिवाद मला नवा नाही. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडला तर लोकांची बिलं उशिरा निघतात.

आता विकणाऱ्यांकडे. एका नातेवाइकाच्या गाडीच्या डिलिव्हरीला मी गेलो होतो. हार, नारळ, पेढे, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, फोटो. मग पाऊण तास प्रात्यक्षिक: मोबाइल कसा जोडायचा, सनरूफ आवाजाने कसं उघडायचं, दिव्यांचा रंग कसा बदलायचा. डिकीची चटई उचलली गेली नाही. मी विचारलं, "स्टेपनीत हवा किती भरायची?" टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, कंपनीने भरूनच दिलेली असते." त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला शिकवलेल्या यादीत ते नव्हतं. सनरूफमुळे गाडी विकली जाते. बारकं चाक दाखवलं तर गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते, आणि पेढ्याच्या मुहूर्तावर आठी कुणाला हवी?

कंपन्यांचा बचाव ठरलेला: पुस्तिकेत सगळं लिहिलं आहे. लिहिलं आहे, मान्य. शेकडो पानांच्या, बहुधा इंग्रजी पुस्तिकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, ग्लोव्ह बॉक्सच्या तळाशी. रात्री अकरा वाजता, पावसात, मोबाइलच्या उजेडात ते पान शोधावं अशी अपेक्षा असेल, तर ती माहिती देणं नव्हे, फक्त जबाबदारी झटकणं आहे.

माहितीअभावी काय होतं, ते पेट्रोल पंपावर बघा. टायरमधून महिन्याला एखादा पीएसआय हवा आपोआप निघते. दोन वर्षं चटईखाली पडलेल्या चाकात साठाचे चाळीसच्या आत आलेले असतात. हौशीने कुणी ते चाक काढून पंपावर नेलंच, तर संवाद असा होतो:

"दादा, याच्यात साठ भरा."

"साठ? फुटंल की ओ साहेब! पस्तीस टाकतो."

"अहो, लिहिलंय बघा त्याच्यावर."

"सगळ्या गाड्यांना पस्तीसच असतंय."

त्याचं तरी काय चुकलं? दिवसाला दोनशे गाड्यांना तो पस्तीस भरतो. आणि फुटण्याची भीती उलटी आहे. पस्तीस भरलेलं ते बारकं चाक भरल्या गाडीखाली गेलं की दबतं, प्रत्येक फेऱ्यात भिंती वाकतात, तापतात, आणि मग फुटतं ते त्यामुळे.

हे सगळं अधिक गंभीर झालं आहे, कारण रस्ते बदलले. जुन्या हायवेवर दर काही किलोमीटरला एक टपरी, झाडाला टांगलेला टायर, त्यावर चुन्याने लिहिलेलं 'पंक्चर'. त्या जगात बारकी स्टेपनी बिनतोड होती: पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत माणूस सापडायचाच. प्रवेशबंद एक्सप्रेसवेवर टपरी उभीच राहू शकत नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे, जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला, आणि मोटारींना तिथे १२० ची मुभा आहे. तापलेलं काँक्रीट, सरळ रस्ता, भरलेली गाडी, झिजलेले टायर. या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली होती. तिथे तुमचा टायर गेला आणि बारकं चाक लागलं, तर कायद्याने आणि भौतिकशास्त्राने तुम्ही ऐंशीचे आणि मागून येणारे एकशेवीसचे. पुढचं इंटरचेंज येईपर्यंत डावी लेन धरून, चारही इंडिकेटर लावून, ट्रकांच्या मधून.

आणि नुसतं पंक्चर असेल तर ठीक. खड्ड्यात आपटून टायरची भिंत फाटली असेल तर? तिला ठिगळ लागत नाही, नवा टायर लागतो. आता वरच्या मॉडेलला १७-१८ इंची टायर देण्याची फॅशन आहे. रविवारी दुपारी कणकवलीत किंवा उदगीरमध्ये त्या मापाचा टायर दुकानात असेलच असं नाही. 'साहेब, उद्या पुण्याहून मागवतो, परवा येईल.' घरी म्हातारे आईवडील, उद्या ऑफिस, मुलांची शाळा. अशा वेळी तो माणूस चारशे किलोमीटर त्याच चाकावर घरी येतो. तो बेपर्वा म्हणून नाही, त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेला नाही म्हणून. कंपन्यांना मी विचारतो तो प्रश्न हा: ज्या मापाचा टायर तुमच्याच डीलरकडे तालुक्याच्या गावी मिळत नाही, त्या मापाला ऐंशीची स्टेपनी देताना तुमच्या डोळ्यांपुढे कुठला नकाशा होता?

सरकारने यावर दिलेलं उत्तर तर आणखी पुढचं आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला: साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊ माणसांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर पाचवं चाक नसलं तरी चालेल. कारण काय, तर जागा वाचते, विजेच्या गाडीत बॅटरी मोठी बसवता येते. चांगलं आहे. पण त्या किटमधल्या चिकट द्रावाने खिळ्याचं भोक बुजतं, फाटलेली भिंत नाही. आपल्याकडे खिळे आहेत, पण खड्डे जास्त आहेत.

'म्हणूनच आम्ही पूर्ण मापाचं पाचवं चाक विकत घेतो,' असं सांगणारा एक पंथ आहे. त्यांच्याशीही माझं पूर्ण जमत नाही. आठ वर्षं चटईखाली पडून वाळलेला मोठा टायर केवळ मोठा म्हणून सुरक्षित होत नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. पंथातल्या किती जणांनी आपल्या पाचव्या चाकाचे हे आकडे वाचलेत? शिवाय मोठं चाक त्या खोबणीत बसत नाही, चटई फुगते, बॅग हलते. आणि एक साधी गोष्ट: बारकं चाक हलकं असतं. माझी आई ते उचलू शकते. अलॉयवरचं मोठं चाक तिला उचलणार नाही. एकट्या बाईने, साठीच्या माणसाने रस्त्यात चाक बदलावं, तर हा गुण लहान नाही. पंक्चर झालेलं मोठं चाक परत त्या छोट्या खोबणीत मावत नाही, ते सामानावर ठेवावं लागतं, हा त्याचा दोष. तेवढी जागा निघताना सोडावी.

मग वापरायचं कसं, हेही कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटारी तशाच आहेत, तर बारकं चाक पुढे लावू नये. वळवणं, ओढणं आणि ब्रेकचं बरंचसं काम पुढच्या चाकांचं. शिवाय व्यास कमी असल्याने ते चाक वरच्या उदाहरणात दर किलोमीटरला वीसेक फेरे जास्त घेतं. तो फरक डिफरन्शियलला पचवावा लागतो: सरळ रस्त्यावर ज्या आतल्या दात्यांनी निवांत बसायचं, ते अखंड फिरत राहतात, जणू गाडी सतत वळणावरच आहे. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणि बारकं मागे. म्हणजे जॅक दोनदा. हे पार्किंगमध्ये ठीक. एक्सप्रेसवेच्या कडेला मी करणार नाही. तिथे माणसं कठड्यापलीकडे उभी करायची, त्रिकोण बराच मागे ठेवायचा आणि मदत बोलवायची. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. नाइलाजाने बारकं पुढे लावलंच, तर हळूहळू पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जाऊन तिथे अदलाबदल करायची. चारही चाकांनी चालणारी किंवा मागची चाकं ढकलणारी गाडी असेल तर तिची पुस्तिका बघायची. तिथे नियम बदलतात. नट जॅक लावण्याआधी सैल करायचे, समोरासमोरचे आवळायचे, आणि काही किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवायचा. अलॉयचे नट आणि लोखंडी रिमचे नट काही गाड्यांत वेगळे असतात. तो वेगळा संच हत्यारांच्या पिशवीत असतो, आणि ती पिशवी उघडलेली नसते.

हे सगळं माणसांच्या लक्षात राहील यावर माझा फारसा विश्वास नाही. म्हणून माझी मागणी यंत्राकडे आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नवी मोटार ऐंशीच्या वर गेली की अधूनमधून टुक करते आणि एकशेवीसच्या वर सलग किंचाळते. त्या ऐंशीच्या टुकटुकीला आपण केव्हाच सरावलो. काही जण ती बंद करून घेण्यासाठी पैसे मोजतात. आता बघा: गाडीला प्रत्येक चाकाचा वेग वेगवेगळा कळतो, एबीएस त्याच्यावरच चालतं. एक चाक इतर तिघांपेक्षा सतत चार टक्के जास्त फिरतंय, हे ओळखणं अवघड नाही. काही गाड्या कमी झालेली हवा नेमक्या याच युक्तीने ओळखतात. चाकांत सेन्सर असेल तर आणखी सोपं: बारक्या चाकात तो नसतो, तेवढ्यावरून कळतं. मग ऐंशीच्या वर, हे चाक लावलेलं असेपर्यंत, ती किंचाळी सलग का नाही? पडद्यावर मराठीत का नाही लिहून येत की हे तात्पुरतं चाक आहे, इतके किलोमीटर झाले? सनरूफला आवाज ओळखता येतो, पण गाडीला स्वतःचा पाय लंगडतोय हे चालकाला सांगता येत नाही?

नवा सेन्सर नको, नवी तार नको. कुठल्याही कंपनीत हे काम तीन-चार माणसांचं आणि महिन्याभराचं आहे, चाचण्या धरून फार तर तिमाहीचं. तोवर डिलिव्हरीच्या दिवशी पेढा तोंडात टाकण्याआधी चटई उचला, त्या टाय लावलेल्या मुलाला स्टिकर वाचायला सांगा, आणि साठ पीएसआय त्याच्यासमोर मोजून घ्या. त्यांच्या वर्कशॉपमध्ये हवेचं यंत्र असतंच.